आरसारहित कॅमेरा : व्यावसायिक वापर व निगा

आरसारहित कॅमेरा : भिंगातून आलेला प्रकाश मध्ये आरशावरून न वळविता सरळ प्रकाशसंवेदक पृष्ठावर पडू देणारा व भिंगे बदलता येणारा अंकीय कॅमेरा. व्यवहारात तो ‘मिररलेस’ या नावानेच ओळखला जातो. या कॅमेऱ्याचे नाव त्यात काय आहे यावरून पडलेले नसून काय नाही यावरून पडलेले आहे. कारण त्याच्या आधीची सुमारे अर्धशतकभर व्यावसायिक छायाचित्रण मुख्यतः आरशाच्या कॅमेऱ्यावर चालत असे. तथापि आरसा हा कॅमेऱ्याचा मूळ घटक नव्हे. एकोणिसाव्या शतकातील लाकडी पेटी-कॅमेऱ्यातही प्रकाश भिंगातून थेट काचेवर पडत असे आणि छायाचित्रकार त्याच वाटेने आलेली प्रतिमा खरबरीत काचेवर पाहून चित्र जुळवीत असे. या दृष्टीने पाहता आरसारहित कॅमेरा हे एका जुन्या रचनेकडे पुन्हा वळणेच होय. मात्र एक भेद मूलगामी आहे. जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रासाठी नवी काच किंवा फिल्मचा नवा तुकडा पुढे येई. आजच्या कॅमेऱ्यात तोच एक संवेदक लाखो चित्रे टिपतो. काचेवर धूलिकण बसला तर एक चित्र बिघडे. संवेदकावर बसला तर तो काढीपर्यंतचे प्रत्येक चित्र बिघडते. उपकरणांच्या निगेचे स्वरूप कसे पालटले, हे या भेदावरून समजते. महाराष्ट्रात पावसाळी दमटपणा, उन्हाळी धूळ व उष्णता ही तिन्ही एकाच वर्षात अनुभवास येत असल्याने येथील छायाचित्रणाचा इतिहास हा बराचसा निगेचाही इतिहास आहे.

ओल्या काचेचा काळ : छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धती १८३९ मध्ये फ्रान्समध्ये जाहीर झाली. मुंबईत १८५४ मध्ये बाँबे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. अशा प्रकारच्या भारतातील आरंभीच्या संस्थांपैकी ती एक होय. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे या संस्थेशी संबंधित होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन विद्यालयात छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालविला. छायाचित्रण हा उपजीविकेचा व्यवसाय म्हणून पत्करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

त्याच सुमारास मुंबई सरकारने प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम हाती घेतले. १८५५ मध्ये कॅप्टन टॉमस बिग्ज यांनी विजापूर, बादामी व ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे कागदी व्यस्त प्रतींवर घेतली. फ्रेडरिक स्कॉट आर्चर (१८१३–५७) यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली कलोडियन पद्धती कागदी पद्धतीपेक्षा अधिक रेखीव चित्र देई. परंतु तिच्यात काचेवर द्रव ओतणे, ती रजताच्या द्रावात बुडविणे, चित्र घेणे व ते प्रकट करणे ही सर्व कामे काच ओली असेपर्यंतच उरकावी लागत. दख्खनच्या उन्हाळ्यात कलोडियनमधील ईथर झपाट्याने उडून जाई व काच काही मिनिटांतच निकामी होई. म्हणून छायाचित्रकाराला काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी व काचांच्या पेट्या एवढा संसार बरोबर न्यावा लागे. या काळात निगा म्हणजे मुख्यत्वे रसायनांची व काचांची निगा होती.

कॅमेराही हवामानाला अनुसरून घडविला जाई. इंग्लंडमध्ये वापरले जाणारे लाकडी कॅमेरे येथील दमट हवेत फुगत, कोरड्या हवेत आकसत व त्यांच्या सरसाने चिकटविलेल्या सांध्यांतून प्रकाश झिरपू लागे. त्यामुळे उष्ण प्रदेशांसाठी सागवानी लाकडाचे, कोपऱ्यांना व सांध्यांना पितळी पट्ट्या ठोकलेले कॅमेरे तयार होऊ लागले. त्यांच्या भात्यासाठी कीड लागू नये अशा रीतीने कमावलेले कातडे वापरीत. आज हे पितळी कॅमेरे शोभेच्या वस्तू म्हणून मांडले जातात. पण त्यांवरील पितळ शोभेसाठी नव्हते, ते वाळवी व पाऊस यांच्याविरुद्ध केलेली तरतूद होती.

या काळातील एक घटना उपकरणापेक्षा प्रतिमेच्या निगेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मेजर रॉबर्ट गिल (१८०४–७९) यांनी १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्यातील भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती तयार केल्या. लंडनजवळील सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुसंख्य डिसेंबर १८६६ च्या आगीत नष्ट झाल्या. गिल यांनी पुढील काळात अजिंठा-वेरूळची छायाचित्रेही घेतली होती व ती जेम्स फर्ग्युसन यांच्या सहकार्याने १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. चित्रांची एकमेव प्रत जळाली. छायाचित्रे अनेक प्रतींत पसरलेली असल्याने उरली. एकच प्रत म्हणजे असुरक्षित प्रत, हा धडा व्यवसायाला इतक्या लवकर मिळालेला होता.

कोरडी काच व फिल्म : १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये जिलेटिनचा लेप असलेल्या कोरड्या काचेचा शोध लागला. त्यामुळे काळोखा तंबू बरोबर नेण्याची गरज संपली. परंतु उष्ण हवामानात जिलेटिन मऊ पडते आणि कोमट द्रावात बुडविल्यास काचेवरून सुटून येते. यावर उपाय म्हणून द्राव बर्फाने थंड करणे, तुरटी किंवा फॉर्मॅलिन यांनी जिलेटिन कठीण करणे व काचा रात्रीच्या गारव्यात धुणे या रीती रूढ झाल्या. १८८८ मध्ये कोडॅक कंपनीचा गुंडाळीचा कॅमेरा बाजारात आला व १९२५ मध्ये ३५ मिमी. फिल्मवर चालणारा लायका कॅमेरा आला. यांमुळे कॅमेरा लहान होत गेला व त्याची नाजूक यंत्रणा दृष्टीआड गेली.

महाराष्ट्रात या संक्रमणाचे उत्तम उदाहरण चलच्चित्राच्या क्षेत्रात आढळते. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी व्यवसायाने छायाचित्रकार होते व त्यांनी काही काळ पुरातत्त्व खात्यातही काम केले होते. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन आले. कॅमेऱ्याची चाचणी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या राजा हरिश्चंद्र या चित्रपटाच्या फिल्मला छिद्रे पाडणे व ती धुणे या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. उपकरण परदेशी असले, तरी ते येथील घरात, येथील पाण्याने व येथील उष्णतेत चालते ठेवण्याचे कौशल्य घरच्यांनीच संपादन केले.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी याही पुढचे पाऊल टाकले. त्यांनी व्ही. जी. दामले यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच तयार केला आणि त्यावर चित्रित झालेला सैरंध्री हा चित्रपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. ज्याने यंत्र घडविले त्यालाच ते उघडून दुरुस्त करता येते. या न्यायाने कोल्हापुरात यंत्र जाणणाऱ्या कलावंतांची एक पिढी तयार झाली. त्यांतील दामले, फत्तेलाल इत्यादींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली व १९३३ मध्ये ती पुण्यास हलविली.

पुणे व कर्वेनगर : प्रभात कंपनीच्या पुण्यातील आवारात १९६० मध्ये केंद्र शासनाची चित्रपट-प्रशिक्षण संस्था सुरू झाली व १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. विधी महाविद्यालय रस्त्यावरील या दोन संस्थांमुळे पुण्याच्या पश्चिम भागात कॅमेरा चालविणारे, प्रकाशयोजना करणारे व यंत्रे सांभाळणारे तंत्रज्ञ एकत्र आले. याच भागाच्या दक्षिणेस मुठा नदीच्या काठी कर्वेनगर आहे. त्याचे मूळ गाव हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथबालिकाश्रम १९०० मध्ये येथील माळावर एका झोपडीत हलविण्यात आला आणि त्यांच्याच नावाने पुढे ही वस्ती ओळखली जाऊ लागली. कालांतराने कोथरूड, वारजे व एरंडवणे यांच्या वाढीबरोबर ती शहराचा भाग बनली.

कर्वेनगरलगतच्या नदीकाठी म्हात्रे पूल व राजाराम पूल यांच्या दरम्यानच्या रस्त्यावर मंगल कार्यालये व समारंभाची हिरवळी मैदाने ओळीने उभी राहिली आहेत. लग्न, मुंज, साठीशांत, वाढदिवस हे येथील छायाचित्रकाराचे मुख्य कार्यक्षेत्र होय. त्याचे कॅलेंडर पंचांगावर चालते. तुळशीच्या लग्नापासून मुहूर्त सुरू होतात व आषाढात ओसरतात. चातुर्मासात लग्ने फारच थोडी होतात. परिणामी वर्षातील सर्वांत दमट चार महिने कॅमेरे व भिंगे बहुधा कपाटात पडून राहतात. भिंगांवरील बुरशी रोज वापरल्या जाणाऱ्या उपकरणावर सहसा वाढत नाही. ती अंधारात, कोंदट जागी, न हलविलेल्या उपकरणावर वाढते. म्हणजे काम नसलेला काळच उपकरणाला सर्वाधिक घातक ठरतो. पुण्याचा वार्षिक पाऊस सु. ७२० मिमी. म्हणजे मुंबईच्या मानाने पुष्कळच कमी असला, तरी जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता बुरशीला पुरेशी असते.

आरशाचा काळ : एकाच भिंगातून पाहणे व चित्र घेणे या दोन्ही क्रिया व्हाव्यात, यासाठी भिंग व फिल्म यांच्यामध्ये ४५ अंशांत तिरपा आरसा बसविण्याची कल्पना जुनी आहे. चित्र घेतेवेळी हा आरसा वर उचलला जातो. १९४९ मध्ये पंचकोनी लोलक वापरलेला काँटॅक्स एस, १९५४ मध्ये आरसा आपोआप पूर्वस्थितीत आणणारा असाही कंपनीचा कॅमेरा व १९५९ मध्ये निकॉन एफ असे टप्पे गाठल्यावर हा कॅमेरा व्यवसायाचे प्रमुख साधन बनला. तत्पूर्वी वृत्तपत्रांचे छायाचित्रकार स्पीड ग्राफिक व रोलायफ्लेक्स हे कॅमेरे वापरीत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी याच वजनदार साधनांनिशी स्वातंत्र्याच्या काळातील दिल्लीची छायाचित्रे घेतली.

स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. हौशी लोकांसाठी आग्फा क्लिक-३ सारखे साधे कॅमेरे देशात तयार होत आणि उदकमंडलम् येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी उद्योगाची कृष्णधवल फिल्म मिळे. पण उत्तम कॅमेरा बहुधा परदेशाहून येणाऱ्या आप्तांकडून किंवा जुन्या बाजारातूनच मिळवावा लागे. असा कॅमेरा एकदा हाती आला की तो वीस-पंचवीस वर्षे टिकविणे भाग असे. त्यामुळे मुंबईतील फोर्ट विभाग व पुण्याचा जुना शहरभाग यांसारख्या ठिकाणी कॅमेरा दुरुस्त करणारे कुशल कारागीर उदयास आले. शटरचा वेग कानाने ओळखणे, आरशाखालचा झिजलेला स्पंज बदलणे, भिंगाच्या दोन काचांमधील सुटलेला डिंक साफ करून त्या पुन्हा चिकटविणे, मोडलेल्या दातेरी चाकाच्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्यातील चाक बसविणे ही त्यांची कामे होती. १९९१ नंतर आयात सुलभ झाली तेव्हा हे कौशल्य लगेच नाहीसे झाले नाही. कारण यंत्र अद्याप यंत्रच होते.

संवेदकाचा उदय : प्रकाशाचे विद्युत् भारात रूपांतर करणाऱ्या भारयुग्मित प्रयुक्तीची कल्पना १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी त्या तत्त्वावर पहिला स्वयंपूर्ण अंकीय कॅमेरा तयार केला. १९९९ मध्ये आलेल्या निकॉन डी-१ पासून वृत्तपत्र-छायाचित्रण वेगाने अंकीय झाले. मात्र या सर्व व्यावसायिक कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागी संवेदक आला, आरसा तसाच राहिला.

संवेदकावरील प्रतिमा सतत वाचून ती एका छोट्या पडद्यावर दाखविता येऊ लागताच आरशाचे प्रयोजन संपले. ऑगस्ट २००८ मध्ये ऑलिंपस व पॅनासॉनिक या कंपन्यांनी आरशाविना चालणाऱ्या बदलत्या भिंगांच्या पद्धतीची घोषणा केली आणि त्याच वर्षी पॅनासॉनिक जी-१ हा कॅमेरा आला. २०१३ मध्ये सोनी अल्फा-७ मुळे ३६ × २४ मिमी. आकाराचा मोठा संवेदकही या रचनेत आला. २०१८ मध्ये निकॉन व कॅनन या दोन्ही जुन्या कंपन्यांनी हा मार्ग स्वीकारला व त्यांचे शेवटचे आरशाचे नमुने २०२० मध्ये निघाले. २०२१ च्या निकॉन झेड-९ मध्ये यांत्रिक शटरही उरले नाही, तर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी अल्फा-९-३ मध्ये संवेदकाचे सर्व बिंदू एकाच क्षणी वाचण्याची सोय झाली.

आरसा गेल्यामुळे भिंगाची बसणी संवेदकाच्या जवळ आणता आली. निकॉनच्या १९५९ च्या रचनेत हे अंतर ४६·५ मिमी. होते, २०१८ च्या रचनेत ते १६ मिमी. झाले. कॅननच्या बाबतीत ते ४४ मिमी. वरून २० मिमी. वर आले. यामुळे भिंगांच्या रचनेला मोकळीक मिळाली आणि मध्ये योजक कडे बसवून जुनी भिंगेही नव्या कॅमेऱ्यावर वापरणे शक्य झाले. वडिलांच्या काळातील हाताने फिरवायची भिंगे पुण्या-मुंबईतील कपाटांतून पुन्हा बाहेर आली, ती याच कारणाने. मात्र अंतर घटले याचा दुसरा अर्थ असा, की भिंग काढताच संवेदक बाहेरच्या हवेला अगदी जवळून सामोरा जातो. पूर्वी त्याच्यापुढे आरसा व मिटलेले शटर असे दोन पडदे असत.

व्यावसायिक वापर : या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे निःशब्दता. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफलींत आरशाच्या कॅमेऱ्याचा खटका आलापीच्या वेळी गायकाला व श्रोत्यांनाही टोचत असे. छायाचित्रकार सम येण्याची किंवा टाळ्यांची वाट पाहून खटका दाबीत. विद्युत् शटरमुळे हा अडसर दूर झाला. मंगलाष्टके चालू असताना अंतरपाटाजवळ वावरणाऱ्यालाही याचा लाभ होतो. शिवाय उद्भासनाचा परिणाम चित्र घेण्यापूर्वीच दर्शकात दिसतो आणि डोळ्यांवर आपोआप केंद्रण होते. त्यामुळे मंद प्रकाशातील चुका घटतात.

याबरोबर काही मर्यादाही आल्या. संवेदक व दर्शक सतत चालू राहत असल्याने बॅटरी लवकर संपते. आरंभीच्या आरसारहित कॅमेऱ्यांत एका बॅटरीवर तीन-चारशे चित्रेच हमखास निघत. २०१७ च्या निकॉन डी-८५० या आरशाच्या कॅमेऱ्यासाठी प्रमाणित आकडा १,८४० होता. म्हणून दिवसभराच्या लग्नाला तीन-चार बॅटऱ्या व त्यांवर क्रमांक घालण्याची शिस्त आवश्यक ठरते. दुसरी मर्यादा विद्युत् शटरची. बहुतेक संवेदक ओळीओळीने वाचले जातात. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक प्रकाश देतात आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी १/५० किंवा १/१०० सेकंद उद्भासन घेणे अथवा यांत्रिक शटर वापरणे हितावह असते. रंगमंचामागील एलईडी भिंतींची स्पंदने वेगळ्या गतीची असल्याने समारंभापूर्वी दोन-चार चित्रे घेऊन पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

धूळ, धूर व भंडारा : महाराष्ट्रातील सण-समारंभ कॅमेऱ्याला किती प्रकारांनी त्रासदायक ठरू शकतात, हे संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या एकाच वाटेवर पाहावयास मिळते. पुण्यातून निघाल्यावर दिवे घाटात पाऊस व वारा, मोकळ्या माळावर धूळ आणि जेजुरीस खंडोबाचा भंडारा. भंडारा म्हणजे हळदीची पूड. ती अतिशय बारीक व किंचित स्निग्ध असते, भिंगाच्या फिरत्या कड्यांत शिरते व घामाच्या हाताने पुसताच डाग धरते. जेजुरीत, तसेच गणेशविसर्जनाच्या गुलालात, भिंग बदलू नये असा जाणत्या छायाचित्रकारांचा दंडक आहे. रुंद व लांब पल्ल्याच्या भिंगांसाठी दोन स्वतंत्र कॅमेरे वापरले जातात, ते ऐटीसाठी नव्हे. लग्नमंडपात अक्षता निरुपद्रवी असतात. पण होमातील तुपाचा धूर भिंगाच्या पुढील काचेवर तेलकट थर ठेवतो. तो फुंकणीने जात नाही. त्यावर धूळ चिकटण्यापूर्वी स्वच्छक द्रव व मऊ कापड यांनी तो काढावा लागतो.

साफसफाईचा क्रम ठरलेला आहे. प्रथम रबरी फुंकणीने सुटी धूळ उडवावी, नंतर मऊ कुंचल्याने झाडावी आणि सर्वांत शेवटी द्रव वापरावा. कोरडी धूळ असताना कापड फिरविल्यास वाळूचे कण काचेवरील लेपावर ओरखडे काढतात. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे कण उडतात. भिंग बदलताना कॅमेरा बंद करून त्याचे तोंड खाली ठेवावे व दुसरे भिंग आधीच हाताशी घ्यावे. काही कॅमेऱ्यांत बंद केल्यावर शटर किंवा संरक्षक पडदा संवेदकापुढे येतो. मात्र हे पातळ पडदे बोटाने किंवा जोराच्या हवेने वाकतात. आधुनिक संवेदक हाताचा कंप शोषण्यासाठी तरंगत्या आधारावर बसविलेला असतो. म्हणून तो ओल्या पट्टीने पुसावयाचा झाल्यास निर्मात्याने दिलेली सफाईची अवस्था निवडूनच व जोर न लावता पुसावा.

या पिढीच्या कॅमेऱ्यापुढील एक धोका जुन्यांना फारसा ठाऊक नव्हता. मिरवणुकांत व समारंभांत सोडले जाणारे लेसर किरण थेट भिंगात शिरल्यास संवेदकाचे बिंदू कायमचे जळतात. आरशाच्या कॅमेऱ्यात चित्र घेण्याचा क्षण वगळता संवेदक झाकलेला असे. आरसारहित कॅमेऱ्यात तो सर्वकाळ उघडा असतो. लांब पल्ल्याच्या भिंगातून भर दुपारचा सूर्य दीर्घकाळ रोखणेही याच कारणाने टाळावे.

पावसाळ्यातील निगा : भिंगावरील बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते व तिच्यातील आम्ले काचेवरील लेप आणि कालांतराने काचही खातात. सुरुवातीस ती साफ करता येते. काच खाल्ली गेल्यावर उपाय नाही. साठवणीच्या जागी सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. ७० टक्क्यांच्या वर ती दीर्घकाळ राहिल्यास बुरशीस वाव मिळतो, तर फार कोरड्या हवेत रबर व वंगण वाळते. विजेवर चालणारी आर्द्रता-नियंत्रक पेटी उत्तम. ती नसल्यास हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या व एक छोटा आर्द्रतामापक एवढ्याने काम भागते. रंग बदललेले जेल तापवून पुन्हा वापरता येते. कातडी पिशव्यांत व कपड्यांच्या कपाटात उपकरणे ठेवू नयेत. कातडे व कापड ओलावा धरून ठेवतात. चातुर्मासात आठवड्यातून एकदा उपकरणे बाहेर काढून, भिंगांची कडी फिरवून व काही चित्रे घेऊन ती पुन्हा ठेवावीत.

वातानुकूलित मोटारीतून किंवा सभागृहातून एकदम बाहेरच्या दमट हवेत आल्यास थंड काचेवर बाष्प जमते. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून त्याला पाऊण तास बाहेरच्या तपमानाला येऊ द्यावे. पावसात भिजलेला कॅमेरा ताबडतोब बंद करून बॅटरी काढावी, बाहेरून कोरडा पुसावा व जेलच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवावा. तांदळात ठेवण्याचा घरगुती उपाय निरुपयोगी असून त्याचा कोंडा छिद्रांत शिरतो. केसांच्या यंत्राची गरम हवा तर पाणी आत ढकलते.

प्रतिमांची निगा : उपकरण भरून येते, प्रसंग भरून येत नाही. पुण्यातील चित्रपट-प्रशिक्षण संस्थेच्या आवारात साठविलेल्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मांना ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली व आरंभीच्या भारतीय चित्रपटांच्या अनेक मूळ प्रती भस्मसात झाल्या. नायट्रेट फिल्म स्वभावतःच ज्वालाग्राही. तिला थंड व कोरडी जागा हवी. अंकीय प्रतिमेला असा दृश्य धोका नसतो, म्हणूनच तिच्याविषयी निष्काळजीपणा होतो. विसरलेल्या काचेवरील चित्र शंभर वर्षांनीही प्रकाशापुढे धरून पाहता येते; निकामी झालेल्या चकतीवरील लग्न मात्र कोणालाच दिसत नाही. दोन स्मृतिपत्रे एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा वापरणे, समारंभ संपताच दोन स्वतंत्र चकत्यांवर प्रती करणे व त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवणे ही किमान शिस्त होय. १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीने जे शिकविले, तेच येथे लागू पडते.

दुरुस्तीचे बदललेले स्वरूप : आरसारहित कॅमेऱ्यात फिरणारे भाग कमी असल्याने यांत्रिक झीज घटली आहे. परंतु जे बिघडते ते बहुधा विद्युत् फलक, संवेदक किंवा त्यांना जोडणाऱ्या पातळ पट्ट्या यांत बिघडते आणि त्यांची दुरुस्ती म्हणजे प्रायः संपूर्ण भागाची अदलाबदल असते. सुटे भाग व त्यांची जुळणी करण्याची आज्ञावली निर्मात्याकडेच राहते. बाबूराव पेंटरांच्या कारखान्यापासून शहरातील लहान दुकानांपर्यंत चालत आलेली उघडून पाहण्याची परंपरा येथे खुंटते. ज्या छोट्या व्यावसायिकाने एका हंगामाच्या मिळकतीवर कर्ज काढून कॅमेरा घेतला, त्याच्यासाठी ही बाब केवळ तांत्रिक नाही. बदलावयाच्या एका भागाची किंमत त्याच्या कित्येक समारंभांच्या कमाईइतकी असू शकते. त्यामुळे पूर्वी जो भार कारागिराच्या हातावर होता, तो आता छायाचित्रकाराच्या स्वतःच्या सवयींवर आला आहे. ओल्या काचेच्या काळात घाई हा गुण होता, कारण काच वाळत असे. आज तोच संवेदक उद्याही लागणार असल्याने सावकाशी हा गुण ठरतो. [⟶ छायाचित्रण, भिंग, चलच्चित्रपट].